करंजपेठेची वेस भोईवाड्यात

कोंडीराम कशाकशाला घाबरतो हे सांगायला बसलं, तर भोईवाड्यातली एक संध्याकाळ पुरली नसती. ट्रामच्या घंटेला घाबरायचा. गिरणीच्या भोंग्याला घाबरायचा, आणि भोंगा रोज ठरल्या वेळी व्हायचा म्हणून हाही रोज ठरल्या वेळी घाबरायचा. इराण्याच्या हॉटेलात एकदाच गेला. भिंतीभर आरसे, समोर पाहतो तो सगळीकडून कोंडीरामच कोंडीराम, आणि एकजात सगळे भेदरलेले. चहा तसाच ठेवून बाहेर आला. कशाला घाबरत नसे ते मात्र चटकन सांगता येईल. बैलाच्या शिंगाला.

बैल त्याचे स्वतःचे होते, चांद्या आणि गुलब्या. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, गुलब्याच्या नाकपुड्या गुलाबी. माझगावच्या गोदामातून गोण्या उचलायच्या आणि लालबाग-परळच्या दुकानांना पोचवायच्या, हा त्याचा धंदा. आधी त्याचा मामा ती गाडी हाकायचा. मामाचे गुडघे गेले, गाडी रिकामी उभी राहिली, तेव्हा कोंडीराम आपली जोडी घेऊन घाट उतरून चालत मुंबईत आला. चाळीच्या मागे पत्र्याचा गोठा होता, दुसऱ्या मजल्यावर खोली होती, आणि पुढं त्या खोलीत चंपा आली.

चंपा लालबागची. बाप गिरणीत साचेखात्यात. जन्मच भोंग्याखाली झालेला, त्यामुळं तिला कशाची भीती म्हणून ठाऊक नव्हती. कान असे तिखट की एकदा ऐकलेला माणूस तिच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडायचा. शेजारच्या कमलाबाईंची मालवणी, पलीकडच्या अण्णांचं कारकुनी शुद्ध बोलणं, कोळशेवाल्याची आरोळी, सगळं. पण गॅलरी जमली की फर्माईश व्हायची ती एकच.

"चंपे, करंजपेठ होऊ दे."

मग चंपा डोक्याला पदर गुंडाळायची, खांदे पाडायची, आणि नवऱ्याच्या आवाजात सुरू व्हायची. "आमची करंजपेठ म्हंजी गाव न्हवं बरं का. आन् शहर बी न्हवं. खेड्यातली मान्सं म्हंत्यात शहराला निगालो, शहरातली म्हंत्यात खेड्यावर निगालो. आन् दोगं बी उतरत्यात एकाच ठेसनावर."

गॅलरी हसायची. कोंडीराम दारात उभा राहून तोही हसायचा. त्याला राग येत नसे. कारण चंपा सांगायची त्यातलं अक्षर खोटं नव्हतं. करंजपेठ तशीच होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करंजाची झाडं, त्यांच्या सावलीत गाड्या सोडलेल्या. गुऱ्हाळं पेटली की गावाच्या अंगालाच गोड वास यायचा, नुकत्याच धुतलेल्या धोतरालासुद्धा. नालबंद बैलाला आडवा पाडून खुरांना पत्री ठोकायचा आणि बैलाच्या मालकापेक्षा बैलाचीच जास्त चौकशी करायचा. शिंप्याच्या ओट्यावर लग्नं ठरायची, डॉक्टरच्या ओट्यावर मोडायची. गुरुवारच्या बाजाराला आसपासची खेडी डोक्यावर टोपल्या घेऊन यायची, आणि कोणाची गाडी आली हे न बघता, नुसत्या घुंगरांवरून पेठेतला माणूस सांगायचा. रात्री तंबूत सिनेमा. सिनेमात पाऊस पडला तर मागच्या रांगेतली म्हातारी विचारायची, "आपल्याकडं कवा?"

"भज्याचा वास येतो तो येशीपातूर," चंपा नक्कल करता करता म्हणायची.

"भज्याचा न्हाई," कोंडीराम दारातून दुरुस्ती करायचा. "गुळाचा."

एवढंच. बाकी नक्कल त्याला मंजूर असे.

त्यातली एक गोष्ट तो स्वतः फार मायेनं सांगायचा. संध्याकाळी गुराखी सगळ्या पेठेची जनावरं वेशीपर्यंत आणायचा आणि तिथं सोडून द्यायचा. पुढं हाकायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं घर गाठायचं. शिंप्याची गाय शिंप्याच्या दाराशी उभी राहून हंबरायची, वाण्याची म्हैस वाण्याच्या बोळात वळायची. "कुनी चुकत न्हाई," तो म्हणायचा. "मानूस चुकंल. जनावर न्हाई चुकत."

मुंबईत जीव धरून राहायला त्यानं एक युक्ती केली होती. रोजच्या वाटेवर त्यानं आपली करंजपेठ अंथरली होती. भायखळ्याचा पूल म्हणजे घाट. चिंचपोकळीला गुळाचं घाऊक दुकान होतं, ती गूळआडत. लालबागेतली मसाल्याची दुकानं म्हणजे मिरचीबाजार. परळच्या अलीकडे जनावरांसाठी बांधलेलं दगडी कुंड होतं, तो पाणवठा. आणि भोईवाड्याच्या तोंडाशी एक वाकडा पिंपळ, ती वेस. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन येताना तो बैलांना सगळं मोठ्यानं सांगत यायचा. "आला घाट, दमानं." "ही आडत, बघून घ्या." पाणवठ्यावर दोघांना पाजायचा, आणि गोठ्याच्या दारात शेवटचं वाक्य, दिवसाचं शिक्कामोर्तब:

"आली रं करंजपेठ, टेका आता."

त्याशिवाय बैल आत पाऊल टाकत नसत. एकदा दाढ सुजून कोंडीरामचं तोंड उघडेना. बैल दारात उभे, हा ढकलतोय, ते ढिम्म. शेवटी गालावर हात दाबून त्यानं कसंबसं "आयी यं कयंजपेठ" केलं तेव्हा ते आत गेले. चंपानं ती नक्कल महिनाभर चालवली.

तर असा तो कोंडीराम. आणि असा तो छप्पन सालचा जानेवारी.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर आलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरला. अण्णा चळवळीतले. ते घसा बसेपर्यंत घोषणा देऊन यायचे आणि बसलेल्या घशानं गॅलरीत बातम्या सांगायचे. गोळीबार इथं झाला, गोळीबार तिथं झाला. कोंडीराम त्या बातम्या ऐकायलाही घाबरायचा. चंपा म्हणाली, "दोन दिवस गाडी जोडू नका." तो हो म्हणाला. पण लालबागच्या दुकानदारानं सकाळी माणूस धाडला, गोदामात माल कुजतोय म्हणून, आणि घाबरट माणूस नाही म्हणायलाही घाबरतो.

माझगावला पोचला तेव्हा गोदामाला कुलूप होतं. रस्ता इतका सामसूम की चांद्याच्या गळ्यातली घुंगरमाळ त्यालाच मोठी वाटू लागली. तो गाडी वळवत होता तेवढ्यात गल्लीतून माणसं धावत आली. मागून काहीतरी फुटलं, पांढरा धूर रस्त्यावर लोळला आणि त्याच्या डोळ्यांत मिरच्या पेटल्या. पुढं पिंपं आडवी टाकून रस्ता बंद केलेला. गाडी हलेना. कोणीतरी पळता पळता ओरडलं, "अरे गाडी सोड, जीव घेऊन पळ."

त्यानं गाडी सोडली. जू उतरवलं, कासरे शिंगांना गुंडाळले. बैलांच्या नाकातून पाणी वाहत होतं. मग अगदी जवळ बंदूक वाजली, आणि त्या आवाजासरशी कोंडीरामच्या डोक्यातली सगळी मुंबई पुसली गेली. उरली ती एक संध्याकाळ आणि एक वेस. त्यानं दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जावा घरला."

बैल वळले. धुरातून वाट काढत भायखळ्याच्या दिशेनं चालू लागले. घुंगरं लांब गेली. कोंडीरामच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग तो भिंतीवरून उडी मारून उलट्या बाजूला पळाला.

बोळाबोळांतून, गटारं ओलांडत, एका दारामागं लपून, तो भोईवाड्यात आला तेव्हा दुपार टळली होती. चंपा जिन्यातच उभी होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत चाचपलं.

"लागलं कुठं?"

"न्हाई."

"बैल?"

"आलं न्हाईत?" कोंडीराम म्हणाला.

"आले नाहीत म्हणजे? कोण आणणार होतं?"

"म्या सोडलं. म्हनलं, जावा घरला."

गॅलरीत अण्णा होते, कमलाबाई होत्या. कोणी हसलं नाही. एरवी असलं वाक्य चंपाच्या हाती लागलं असतं तर तिनं आठवडाभर सोनं केलं असतं. आज तिच्या तोंडून नक्कल निघाली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "ओ, ते करंजपेठेत जातात घरला. तिथं वेस आहे. इथं बंदुका आहेत."

तेव्हा कुठं कोंडीरामला आपण काय केलं ते कळलं. तो गॅलरीतच खाली बसला.

तेवढ्यात नाक्यावरून कर्ण्याची गाडी आली. कर्फ्यू. कोणीही रस्त्यावर येऊ नये. रस्त्यावर दिसणाऱ्यावर गोळी झाडण्यात येईल. गाडी दूर जाईपर्यंत ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, आणि दूर गेल्यावर जास्तच.

"उद्या सकाळी शोधू," अण्णा म्हणाले. "हे पाहा कोंडीराम, आता खाली उतरणं म्हणजे आत्महत्या आहे. मी चळवळीतला माणूस सांगतोय."

"बैलांका काय कळता तुमचो कर्फ्यू," कमलाबाई म्हणाल्या. "मेले फिरत आसतीत खंय ते."

लांब, लालबागच्या बाजूला, बंदूक वाजली. पुन्हा वाजली. पहिल्या आवाजाला चांद्या पडला आणि दुसऱ्याला गुलब्या, असं त्याच्या डोळ्यांना दिसलं. मग तिसरा आवाज झाला आणि दोघं पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडायला. तो कानांवर हात ठेवून बसला. हे बैल गेले तर गाडी गेली, धंदा गेला, हे चंपाला कळत होतं. पण घाटाच्या वरचं जे काही त्याच्याजवळ होतं ते त्या दोन कातड्यांत होतं, हे फक्त त्यालाच कळत होतं.

"एवढ्या मुंबईत दोन बैल शोधायचे तरी कुठं," चंपा म्हणाली.

कोंडीरामनं कानांवरचे हात काढले.

"मुंबईत न्हाई शोधायचं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"घाटात थांबायचं न्हाईत. वझं न्हाई गाडीला, गाडीच न्हाई. आडत बंद असंल, गुळाचा वास न्हाई, तितं कशाला थांबत्यात. मिरचीबाजारात गुलब्याला शिंका येत्यात, त्यो पळत सुटतो. पानवठा. पानी पिऊन मी चला म्हनल्याबिगर त्ये हलत न्हाईत."

"परळचं कुंड?"

"पानवठा," कोंडीराम म्हणाला आणि उठला. उठला तशी चंपानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. थांबवायला की सावरायला हे तिलाही सांगता आलं नसतं.

"मी येते."

"न्हाई. तू गॅलरीतच ऱ्हा. कुनीतरी बगाया पायजे."

मागच्या भिंतीवरून तो उतरला. रस्ता त्यानं कधी असा पाहिला नव्हता. उलट्या पडलेल्या वहाणा, विटांचे तुकडे, एका दुकानाची फळी. एक ट्राम मधेच उभी होती, आत कोणी नाही. मुंबईत आल्यापासून जिच्या घंटेला तो घाबरला, ती एकदा वाजावी असं त्याला वाटलं. भिंतीला चिकटून तो पुढं सरकत होता. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी त्याला वाटायचं, आता. आता वाजली नाही की वाटायचं, मग पुढच्याला.

कुंड दिसायच्या आधी घुंगरू वाजलं. एकदाच. चांद्या मान हलवतो तेव्हा वाजतं तसं.

ते दोघं कुंडाशी उभे होते. आणि कुंडाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून, बंदूक पोटाशी आडवी धरून, एक पोलीस उभा होता. चांद्यानं त्याच्या छातीला नाक लावलं होतं.

"ए. हात वर," पोलीस म्हणाला. बोलला कोंडीरामला, बघत होता चांद्याकडे.

कोंडीरामनं हात वर केले.

"तुझे आहेत?"

"व्हय, सायब."

"मग हटव ना यांना."

"हात वर म्हनलासा."

"आता खाली म्हणतोय. कर खाली." पोलीस तरुण होता, ओठ पांढरे पडले होते. "मघापासून बघतोय हा माझ्याकडे. काय पाहिजे काय याला?"

"काय न्हाई, सायब. डोळं हैत म्हून बगतो."

"मारतो का?"

"न्हाई."

"मग शिंगं कशाला आहेत?"

पोलीसच पुढं बोलला, भरभर, एका दमात. "मी गिरगावचा. आमच्याकडे मांजर असते, बस. यांना हाकलायला बंदूक उचलली तर हा पुढंच आला. आता उचलली तर आणखी पुढं येईल. पण शिंग हलवलं ना, तर मी घालणार आहे गोळी. खरंच घालणार आहे."

कोंडीरामनं त्याच्या हाताकडं पाहिलं. बोट चापावर होतं. करंजपेठेच्या बाजारात नवीन गिऱ्हाईक बैलाजवळ आलं की बाप कोंडीरामला सांगायचा, बैलावर ध्यान ठेवू नको, गिऱ्हाइकाच्या हातावर ठेव. बिथरतो तो हात आधी. कोंडीराम पुढं झाला, पाऊल न वाजवता, आणि चांद्याच्या मानेवर तळवा ठेवला. बैलाचं कातडं एकदा थरारलं आणि शांत झालं.

"सायब," तो म्हणाला, "तेवडं बोट काढा तितनं."

"निघत नाहीये," पोलीस म्हणाला.

"दमानं काढा. आमाला घाई न्हाई."

बोट निघालं. बंदूक खाली आली तशी तिथं घाबरलेली माणसं दोन आहेत हे दोघांच्याही ध्यानात आलं, आणि त्याची लाज दोघांनाही वाटली नाही.

"जा," पोलीस म्हणाला. "पटकन जा. आणि त्या माळा काढ गळ्यातल्या. आमची गाडी फिरतेय. त्यातले माझ्यासारखे नाहीत."

कोंडीरामनं माळा काढून खांद्यावर टाकल्या. "चला येशीला," तो कुजबुजला. बैल हलले नाहीत. ओढलं, ढकललं. पाठीवर थाप मारली. दोघं नुसते त्याच्या खांद्याकडं बघत होते. जन्मात ते घुंगरांशिवाय पाऊल चालले नव्हते. त्यानं माळा पुन्हा घातल्या. बैल लगेच निघाले.

"काय माणूस आहेस रे," पोलीस म्हणाला. "कुठला तू?"

"करंजपेठंचा, सायब."

"कुठं आलं ते?"

हा प्रश्न कोंडीरामला आजवर कोणी आपण होऊन विचारला नव्हता. गॅलरीतल्या लोकांनी शपथेवर सांगितलं असतं, की यानंतर कोंडीराम दिवेलागणीपर्यंत बोलायचा थांबत नाही. तो म्हणाला, "लांब हाय," आणि निघाला.

ते अंतर रोज तो बोलत पार करायचा. आज तोंड बंद, आणि माळा मात्र छुन् छुन् छुन्, साऱ्या परळला ऐकू जाईल अशा. मिटलेल्या खिडक्या बोटभर उघडत होत्या आणि मिटत होत्या. घुंगरं कुठून येतायत हे कुणाला कळत नव्हतं. कोंडीरामला वाटत होतं, आपण बंदुकांना बोलावत चाललोय. जितकं भरभर चालावं तितकी माळ जोरात. हळू चालावं तर रस्ता संपेना. त्याच्या पाठीला डोळे फुटले होते आणि त्या सगळ्या डोळ्यांना नळ्या दिसत होत्या.

पिंपळ आला. वेस. तो बोळात वळला. गोठ्याचं दार समोर. त्यानं दार उघडलं, बाजूला झाला, आणि बैल उंबऱ्याशी थांबले.

अर्थातच थांबले.

कोंडीरामनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. मागं, रस्त्यावर, मोटारीचा आवाज आला. मोठी गाडी. वळणावर आवाज मंद झाला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, ओठ हलवले, आ केला. आवाज नाही. खांदा लावून गुलब्याला ढकललं. गुलब्यानं शांतपणे मागं वळून त्याच्याकडं पाहिलं, की सांगायचं काय ते सांग. मोटार पिंपळाशी आली. ब्रेक लागले.

तेव्हा वरून आवाज आला.

"आली रं करंजपेठ, टेका आता."

त्याचाच आवाज. तोच चढ, 'टेका'वर तोच थांबा, 'आता'चं शेपूट तसंच खाली सोडलेलं. बैलांनी कान वळवले आणि आत गेले. कोंडीराम त्यांच्या मागं आत पडला, दार ओढलं, आणि दोघांच्या गळ्यातल्या माळा दोन हातांच्या मुठींत आवळून धरल्या. बाहेर बूट वाजले. "कोण बोललं रे?" कोणीतरी विचारलं. बूट थांबले. पुढं गेले. परत आले. मग मोटारीचं दार आपटल्याचा आवाज, आणि मोटार निघून गेली.

कोंडीराम दोन बैलांच्या मधे उभा होता. हात माळांवरून निघत नव्हते. चापावरच्या त्या बोटासारखे.

गोठ्याच्या मागची फळी सरकवून चंपा आत आली. गवताच्या भाऱ्यावर बसली. कशालाही न घाबरणारी लालबागची चंपा दात वाजू नयेत म्हणून पदर दातांखाली धरून बसली होती. गुलब्यानं तिचं डोकं हुंगलं. ती सरकली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदर सोडला. या खेपेला स्वतःच्याच आवाजात, अगदी हळू, तिनं विचारलं, "गुरुवारी बाजार असतो ना तुमच्या तिथं? आणि भज्याचा वास येतो तो वेशीपर्यंत?"

कोंडीरामच्या मुठी माळांवरून सुटल्या.

"गुळाचा," तो म्हणाला.